नाका नसलेला रस्ता

“असा रस्ता तं साऱ्या हिंदुस्थानात नाई, सुखराम,” दादाजी गुरुजी म्हणाले आणि नकाशावर टेकलेलं बोट त्यांनी उचललं. “ट्रक नको, नाका नको, बाजाराची गर्दी नको. मंग नेपाळले का जंगला-जंगलानं जातं?”

“जंगलानंच जातो ना जी,” सुखराम म्हणाला. “बैहरवरून मंडल्याले निघू. त्या रस्त्यानं दिवसभरात एखादी मोटार भेटली तं भेटली.”

शाळेतून आणलेला जुना नकाशा सुखरामच्या अंगणात खाटेवर पसरला होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर गॅरेजातले लोखंडी पाने ठेवले होते. एकाहत्तर साल नुकतंच लागलं होतं. बालाघाटच्या त्या वॉर्डात सुखराम मिस्त्री जीपनं परदेशात निघाला आहे ही बातमी केव्हाच पसरली होती. नेपाळ म्हणजे काही विलायत नव्हे, पण दुसऱ्या राजाचा मुलूख तर खराच. आणि तिथे जायचं कशाला, तर लुंबिनीला, बुद्धाच्या जन्मगावी. म्हातारी माणसं हात जोडत, पोरं जीपभोवती घिरट्या घालत, आणि बाकीचे लोक हसत. रेल्वे असताना हा माणूस एवढा लांबचा पल्ला त्या खटाऱ्यातून कशाला मारतो?

ते कारण गुरुजींना ठाऊक होतं, म्हणून ते हसत नव्हते.

सुखराम पूर्वी एका लाकूड ठेकेदाराचा ट्रक चालवायचा. बांबू भरून नागपूर, सागवान भरून जबलपूर, एकदा तर पार रीव्यापर्यंत. घरी बायको रुख्माबाई आणि एकुलती एक मुलगी कमला. छप्पन सालच्या दीक्षेला तो दोघींना घेऊन नागपूरला गेला होता. तेव्हा कमला लहान होती. त्या अफाट माणसांमध्ये ती बापाच्या खांद्यावर बसली होती आणि वाकून वाकून त्याच्या कानात प्रश्न विचारत होती. बुद्धाचं गाव कोणतं? ते कुठे आहे? आपण जाऊ? “जाऊ ना,” सुखराम म्हणाला होता. “मोटारीनं जाऊ.” पुढे कैक वर्षं ती त्याला त्या मोटारीची आठवण देत राहिली.

कमला मॅट्रिक झाली, वॉर्डातली पहिली मुलगी. नागपूरच्या कॉलेजात नाव लागलं, होस्टेलात जागा मिळाली. रुख्माबाई म्हणत होती, पोरीला रेल्वेनं पाठवू, गोंदियाला गाडी बदलली की झालं. सुखराम म्हणाला, माझा ट्रक नागपूरलाच चालला आहे, बापाच्या शेजारी बसून जाईल. कमलालाही तेच हवं होतं.

हद्दीवरच्या नाक्यावर त्या दिवशी ट्रकांची लांब रांग लागली होती. बांबूचा परवाना खिडकीवर दाखवून शिक्का मारून आणावा लागे. क्लीनर तापानं घरी पडला होता आणि ड्रायव्हर खाली उतरला की मागचे ट्रक पुढे घुसत. सुखरामनं परवाना कमलाच्या हातात दिला. “जा, शिक्का मारून आन. तू तं मॅट्रिक झाली, तुले कोन अडवते?” ती हसत उतरली. ती दोन ट्रकांच्या मधून चालली असतानाच चढावर उभ्या असलेल्या पुढच्या ट्रकाचा ब्रेक सुटला.

तो तिला घरी घेऊन आला तेव्हा रुख्माबाईनं दारातच विचारलं, “गाडीतून उतरली काहून थे?”

सुखरामच्या तोंडून निघून गेलं, “पानी प्याले उतरली.”

हे बोलायचं त्यानं आधी ठरवलेलं नव्हतं. पण एकदा निघालेला शब्द तिथेच मुळं धरून बसला. रुख्माबाईनं पोरीबरोबर भाकरी, ठेचा, चिवडा सगळं बांधून दिलं होतं. पाणी दिलं नव्हतं. कितीतरी दिवस ती भिंतीला टेकून तेच बोलत राहिली. मी पानी नाई देल्लं, माही पोरगी तहानेनं उतरली, मीच मारली तिले. बाया येत, तिला धरून बसत, तिचे हात कपाळावरून काढत. सुखराम खाटेवर बसून ऐकत असे. आज सांगू, उद्या सांगू, पाहुणे गेले की सांगू. पाहुणे गेले. मग एक दिवस रुख्माबाई आपोआप गप्प झाली, आणि पुन्हा ते उकरून काढायची त्याला छाती झाली नाही.

ट्रक त्यानं सोडला आणि बसस्टँडजवळच्या गॅरेजात मिस्त्री म्हणून लागला. रुख्माबाई त्यानंतर कुठल्याच मोटारीत बसली नाही. लांजीला तिचा भाऊ महागू राहत होता. त्याच्याकडे जायचं तर ती बैलगाडीची सोय बघे आणि वाटेत मुक्काम करून पोचे. तिनं ट्रकांची धास्ती घेतली आहे असं सगळे म्हणत. सुखरामलाही तसंच वाटे.

लिलावात निघालेली मोडकी जीप त्यानं घरी आणली तेव्हा त्याच्या मनात नेमकं काय होतं, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. गॅरेजातून आला की तो तिच्याखाली शिरायचा. इंजिन उघडलं, चाकांवरच्या कमानी बदलल्या, हूडला नवं ताडपत्रीचं कापड शिवून घेतलं. जीप चालू झाली तेव्हा त्याला लुंबिनी आठवली. मग गुरुजींचा नकाशा आला.

रोज संध्याकाळी दोघे बेत करायला बसत. जबलपूरचा मोठा रस्ता ट्रकांचा, तो सोडायचा. मंडल्यावरून डिंडोरी, तिथून शहडोलकडे. कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो याची चौकशी सुखराम गॅरेजात येणाऱ्या ड्रायव्हरांकडे करी. त्या वारी ते गाव टाळायचं. प्रयागचा माघ मेळा उठल्यावरच निघायचं, आणि गंगा तिथे ओलांडायचीच नाही, खालच्या अंगाला मिर्झापूरकडे ओलांडायची. पलीकडे उसाच्या गाड्यांनी रस्ते भरलेले असतात, तिथे पहाटे चालायचं आणि दुपारी झाडाखाली थांबायचं. बेत करता करता सुखरामचा चेहरा उजळायचा. कुठे पेट्रोल मिळेल, कुठे विहीर आहे, कुठे चूल मांडता येईल, सारं तो डोळ्यांसमोर बघत असे.

“पन गंगा तं चुकोता येत नाई,” गुरुजी म्हणाले. “पूल आला का नाका आला. अन् नेपाळच्या शिवेवर गाडीचे कागद दाखोवाच लागतीन.”

“शिवेवर ट्रकाची गर्दी नसते म्हन्तात. गंगेवर आपन उजाडाच्या आधी पोचू. त्या वक्ती लाइन नसते.”

रुख्माबाई चुलीपाशी होती. पदराला हात पुसत ती अंगणात आली आणि नकाशाकडे बघत उभी राहिली.

“लुंबिनी कोठं हाये यात?”

गुरुजींनी दाखवलं. तिनं वाकून तिथे बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

“मी येतो,” ती म्हणाली आणि चुलीकडे परत गेली.

तिच्याचसाठी सुखरामचा हा सगळा खटाटोप होता, पण ती खरंच हो म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला जीपमध्ये बसवून वैनगंगेपर्यंत नेऊन आणलं, मग आणखी पुढे. ती मागच्या बाजूला बसे. शेजारची सीट रिकामीच. मोकळं बसायला तिला बरं वाटत असेल, असं समजून त्यानं मागे कापसाची गादी टाकली आणि धरायला एक लोखंडी दांडी वेल्ड करून दिली.

होळीच्या आधी ते निघाले. गुरुजी आणि वॉर्डातली माणसं निरोप द्यायला वेशीपर्यंत आली होती.

पहिले दिवस फार चांगले गेले. बैहरच्या पुढे साल वृक्षांची दाट सावली, खाली लाल मातीचा रस्ता, मोहाची फुलं वेचणाऱ्या गोंड बाया. सुखराम सावकाश गाडी हाकी. दुपारी एखाद्या नाल्याकाठी थांबून रुख्माबाई भात टाकायची आणि तो लाकडं गोळा करून आणायचा. एका गावात तिनं आपणहून उतरून एका बाईशी भाजीचा भाव केला. हिला हिंदी नीट येत नव्हती, तिला मराठी येत नव्हती, आणि दोघी हसत होत्या. रुख्माबाईचं हसू त्यानं कितीतरी दिवसांनी पाहिलं. त्यानं बॉनेट उघडलं आणि उगाचच इंजिनात डोकं घालून उभा राहिला.

रीव्याच्या पुढे, डोंगर उतरल्यावर, मागच्या कमानीचा पट्टा तुटला. एका खेड्यातल्या लोहारानं तो जोडून दिला, पण त्यात पहाट गेली आणि सकाळही गेली. गंगेवर ते उजाडायच्या आधी पोचायचे होते. पोचले ते भर दुपारी.

नाक्याच्या कितीतरी अलीकडूनच ट्रक उभे होते. डिझेलचा धूर, हॉर्न, मधून फिरणारे चणेवाले. ते दिसताच सुखरामनं गाडी कडेला घेतली.

“अमराईत थांबू,” तो म्हणाला. “रातच्याले गर्दी कमी होईल, तवा जाऊ.”

“काहून? लाइनीत लावा,” मागून रुख्माबाई म्हणाली.

“तुले तरास होईल.”

“मले काई नाई होत. लावा.”

त्यानं जीप रांगेत लावली. पुढे ट्रक होता, मागे लगेच दुसरा येऊन उभा राहिला. स्टिअरिंगवरचे हात सुखरामनं एकदा पँटला पुसले, पुन्हा पुसले. रांग इंचाइंचानं सरकत होती. तेवढ्यात नाक्याचा शिपाई हातातली काठी ट्रकांच्या चाकांवर आपटत आला.

“परची कटी? पहले खिड़की से परची ले आओ, फिर गाड़ी आगे आएगी।”

नाक्याचे पैसे भरून पर्ची मिळायची ती खिडकी पार पुढे होती. सुखराम इंजिन बंद करायला वाकला.

“तुमी गाडी नोका सोडू, मागचे घुसतीन,” रुख्माबाई म्हणाली. “पैसे द्या इकडं. मी आनतो पर्ची.”

“तू बस.”

“आनतो ना जी.”

“नाई म्हन्लं ना एकदा!” सुखराम ओरडला. पुढच्या ट्रकाच्या फाळक्यावर बसलेल्या हमालानं वळून पाहिलं.

रुख्माबाई हळूच म्हणाली, “तिले तं पाठोलं होतं.”

सुखरामनं मागे वळून पाहिलं नाही. त्याला वळताच आलं नाही.

“कोनं सांगतलं तुले?” त्यानं विचारलं.

“चैतरामनं. कटंगीचा, तुमच्या मांगं त्याचा ट्रक होता त्या दिवशी. घरी आलता. तुमी नोते. तुमच्या हातून तिनं कागद घेतला, हासत उतरली, सारं सांगतलं त्यानं. गाडीत पान्याची कॅन भरून होती म्हने.”

“कवा आलता?”

“थेच साली. मी रडाची थांबली ना, तवा.”

“मंग तू बोलली काहून नाई?”

“मी काहून बोलू? सांगाचं तं तुमाले होतं.” तिचा आवाज चढला नाही. भाजी निवडताना बोलावं तशी ती बोलत होती. “पोरीले पाठोलं, थे मी गिळलं. कोनीबी बाप पाठोता. तुमाले का मालूम होतं? पन मी सवताले मारून घेत होतो पान्यासाठी, आन् तुमी खाटेवर बसून आयकत होते. थे नाई गिळवलं मले. आज सांगतीन, उद्या सांगतीन, मी वाट पाहून राह्यलतो.”

मागचा ट्रक हॉर्न वाजवू लागला. “अरे चाचा, सो गए क्या?” रांग पुढे सरकली होती. सुखरामनं गिअर टाकला, जीप थोडी पुढे घेतली. खिशातून नोट काढून त्यानं खांद्यावरून मागे धरली. ती रुख्माबाईनं घेतली आणि खाली उतरली.

दोन ट्रकांच्या मधून तिची हिरवी नऊवारी दिसायची, लपायची, पुन्हा दिसायची. एका ट्रकाचं इंजिन घुरघुरलं तसा सुखराम सीटवरून अर्धा उठला. ती खिडकीपाशी पोचली, माणसांना बाजूला करून तिनं हात आत घातला, पर्ची घेतली आणि आल्या वाटेनं परत आली. येताना तिनं पदर डोक्यावर घेतला होता. पर्ची त्याच्या हातात देऊन ती मागे जाऊन बसली.

त्यांनी गंगा ओलांडली. खाली पाणी कमी होतं, वाळूत कलिंगडाच्या वाड्या होत्या. दोघांनीही त्या पाहिल्या.

त्या संध्याकाळी झाडाखाली चूल पेटली तेव्हा सुखरामनं विचारलं, “मंग मोटारीत बसाची काहून नाई तू? ट्रकाचं भेव नोतं तं?”

“ट्रकाचं भेव मले कधीच नोतं.” ती चुलीत काटकी सारत होती. “मोटारीत तुमच्या बाजूले बसा लागलं असतं.”

त्याला वाटलं होतं, ट्रक टाळले, नाके टाळले, गर्दी टाळली की ही माणसांत येईल. एवढा लांबचा रस्ता त्यानं वळणावळणानं आखला होता, आणि जे टाळायचं ते स्टिअरिंगवर बसलेलं होतं. त्या रात्री तो जेवला नाही. रुख्माबाईनं त्याचं ताट झाकून ठेवलं.

परत फिरू असं मात्र दोघांपैकी कुणी म्हणालं नाही. गोरखपूर मागे पडलं, नौतनवा आलं, शिवेवर कागद दाखवून झाले. भैरहव्यापुढे रस्ता नावालाच होता, शेतांमधून जाणारी कच्ची वाट. धान कापलेली शेतं, अगदी बालाघाटच्यासारखी. सुखरामला वाटलं होतं, परदेश काही वेगळा दिसेल.

लुंबिनी म्हणजे एक उंचवटा, एक लहानसं देऊळ, अशोकाचा दगडी खांब आणि पायऱ्यांचं तळं. एक म्हातारे भिक्खू आणि दोन-चार तिबेटी यात्रेकरू सोडले तर माणूस नव्हता. रुख्माबाईनं खांबापाशी मेणबत्त्या लावल्या, वारा येत होता म्हणून पदराचा आडोसा धरला. दोघांनी त्रिशरण म्हटलं. सुखराम मध्येच थांबला तेव्हा तिनं एकटीनं पुरं केलं.

मग ते तळ्याच्या पायरीवर बसले, आणि सुखरामनं सांगितलं. परवाना हातात कसा दिला, काय म्हणाला, ती कशी उतरली. ब्रेक सुटल्याचा आवाज त्याला आला होता आणि तो ओरडलाही होता, पण इंजिनांच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं. दारात रुख्माबाईचं तोंड पाहिल्यावर जीभ कशी वळली. खाटेवर बसून ऐकताना रोज काय वाटायचं. त्यानं काही सोडलं नाही. क्षमा मागायची हे त्याच्या मनात होतं, पण सगळं सांगून झाल्यावर तो शब्द फार हलका वाटला, म्हणून तो बोलला नाही.

रुख्माबाई रडली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्याच्यासमोर रडली. त्यानं हात पुढे केला. तिनं तो झिडकारला नाही, पण धरलाही नाही.

परतीच्या वाटेला मात्र कुठलाच बेत नव्हता. जो रस्ता सरळ दिसेल त्यानं सुखराम चालत राहिला. जबलपूरचा मोठा रस्ता लागला, ट्रक लागले, नाके लागले. प्रत्येक नाक्यावर रुख्माबाई उतरून पर्ची आणत राहिली. सिवनीच्या पुढे आल्यावर ती म्हणाली, “मले लांजीले सोडून द्या. महागूकडं राह्यतो मी.”

“किती दिवस?”

“नाई सांगता येत.”

त्यानं तिला लांजीला सोडलं. महागूच्या अंगणात तिचं बोचकं आणि गादी उतरवून ठेवली. महागू काही विचारू लागला, पण बहिणीच्या तोंडाकडे पाहून त्यानं बोचकं उचलून आत नेलं.

धानाचे रोवणे झाले, लोंब्या निसवल्या, कापणीही झाली. रुख्माबाई आली नाही. भावाच्या घरी ती शेतात राबत होती आणि वॉर्डात लोक काय बोलायचं ते बोलत होते. दादाजी गुरुजी मात्र संध्याकाळी येऊन सुखरामजवळ बसत. सुखरामनं जीप विकून टाकली. आता तो सुटीच्या दिवशी बसनं लांजीला जाई, बाजारकरांच्या गर्दीत उभ्यानं.

पहिल्यांदा गेला तेव्हा रुख्माबाईनं चहा दिला आणि कामाला निघून गेली. पुढच्या खेपेला थोडी थांबली. एकदा तिनं धान पाखडता पाखडता, त्याच्याकडे न बघता विचारलं, “त्या दिवशी गाडीत का बोलून राह्यली होती थे? घरून निघाली तवापासून?”

हे त्याला कुणीच कधी विचारलं नव्हतं. पाण्याची थाप मारल्यापासून त्या सकाळबद्दल त्यानं तोंडच उघडलं नव्हतं, त्यामुळे ती सगळी सकाळ त्याच्या एकट्यापाशीच पडून होती. तो सांगू लागला. वारासिवनीपर्यंत ती झोपली होती. मग उठून म्हणाली, होस्टेलात खोलीत खिडकी असेल ना बाबा? एका वळणावर मोर दिसला तर गाडी थांबवा म्हणून हट्ट धरला. नंतर भाकरी सोडली, एक घास त्याला भरवला, आणि म्हणाली, आईनं ठेच्यात मीठ जास्त टाकलं.

रुख्माबाईचं सूप थांबलं. “जास्त झालतं?”

“हौ. पन खाल्ला तिनं सारा.”

तिनं सूप खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

“आन्‌खी सांगा,” ती म्हणाली.

बसची वेळ होत आली होती. सुखराम उठला नाही. मोर कोणत्या बाजूनं आला होता तिथपासून त्यानं पुन्हा सुरुवात केली.